गोमुखाकडचं देऊळ

"दार कुठाय गं हेचं?"

आबांनी माझं देऊळ हातात उचललं होतं. चारी बाजूंनी फिरवलं, बुडाखालून बघितलं, पुन्हा सरळ धरलं. मी सातवीत होते. शाळेत टाकाऊपासून टिकाऊ वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि आबा पाहुणे होते. देवस्थान कमिटीचे मुख्य तेच, बक्षिसंही त्यांनीच दिलेली. बाकावर माझ्या एका अंगाला आइस्क्रीमच्या काड्यांचा झुला होता, दुसऱ्या अंगाला करवंटीचं कासव. मधे माझं देऊळ. आमच्या गावातलं महादेवाचं देऊळ, खोक्याच्या पुठ्ठ्याचं आणि सुताच्या रिकाम्या कोनाचं.

"दार न्हाई. आन् मोरी म्होरं काढलीया." आबा हसले. "मोरीचं देऊळ केलंस व्हय?"

मोरी म्हणजे गोमुख. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी भिंतीतून बाहेर येतं, ते दगडी तोंड. मी ते काडेपेटीचं केलं होतं आणि त्यातून पांढऱ्या सुताची धार सोडली होती. त्या धारेसाठी मला बक्षीस मिळेल असं मला वाटत होतं.

मी म्हणाले, "आमच्याकडनं असंच दिसतंय."

वर्ग हसला. बाईपण हसल्या. बाई वाईट नव्हत्या, पण पाहुणा हसला की हसावं लागतं.

"कुणाची गं तू?"

बाईंनी सांगितलं. माझं नाव नाही सांगितलं, वस्ती सांगितली.

आबांनी देऊळ खाली ठेवलं. "मागनं बघणाराला मागलंच दिसणार," असं म्हणाले आणि दोन्ही हात शरीरापासून लांब धरून उभे राहिले. शिपायाला हाक मारली. "पाणी आण रं. हाताला डिंक लागला." शिपाई तांब्या घेऊन आला. आबांनी तिथंच, बाकांच्या मधे, हात धुतले.

डिंक कधीच वाळला होता. मी स्वतः उन्हात ठेवून वाळवला होता.

पाणी फरशीवरून माझ्या पायापर्यंत आलं. मी पाय मागं घेतला नाही. रडूही आलं नाही. हात बधिर व्हावा तसं सगळंच बधिर झालं होतं. बक्षीस कासवाला मिळालं. कासव चांगलं होतं, उगाच कशाला खोटं बोलू.

आमचं गाव विट्याजवळ. आमची वस्ती देवळाच्या मागल्या अंगाला, ओढ्याच्या काठी. गाव तिला मांगवाडा म्हणायचं. आता कमान झालीय आणि कमानीवर शेवटी 'नगर' लावून नवं नाव लिहिलंय. गाव अजून मांगवाडाच म्हणतं, फक्त आवाज जरा खाली घेतं.

देवळाचं दार पूर्वेला, चौकात. आमच्या दारातून दिसायची ती उत्तरेची काळी भिंत, वर शिखर आणि भिंतीच्या पायाशी गोमुख. आत काय चाललंय ते आम्हाला पाण्यावरून कळायचं. पांढरं आलं की दुधाचा अभिषेक. चिकट आलं आणि त्यावर मुंग्या धावल्या की पंचामृत. बेलाची पानं यायची, फुलं यायची. माझी आजी ते पाणी डोळ्यांना लावायची. तिचा महादेव तेवढाच.

आणि माणसं दिसायची. प्रदक्षिणेला निघालेली. भिंतीच्या कोपऱ्यावरून वळून गोमुखापाशी यायची, थांबायची, समोर आमची घरं दिसायची आणि आल्या पावली माघारी फिरायची. मग पलीकडच्या अंगानं फिरून पुन्हा तिथंच यायची आणि पुन्हा माघारी. कुणीही यावं, शेतकरी, मिलिटरीतून सुट्टीवर आलेला जवान, नवी नवरी. गोमुखापर्यंत यायचं आणि फिरायचं.

मला वाटायचं, ते आम्हाला बघून फिरतात.

कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. वस्तीतल्या सगळ्याच पोरांना तसं वाटायचं. आम्ही तर खेळ केला होता त्याचा. कुणी अनोळखी माणूस प्रदक्षिणेला आला की आम्ही पटापट दाराआड लपायचो, आता तरी पुढं येतोय का बघायला. तो यायचा, थांबायचा आणि फिरायचा. शेजारची शोभी म्हणायची, "वास येत असंल."

महादेवाच्या देवळात गोमुखाचं पाणी ओलांडत नाहीत, तशी रीतच आहे, हे मला लग्न झाल्यावर कळलं. कराडला एका बाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. म्हणजे ते आम्हाला बघून फिरत नव्हते. मी घरी गेले, भाकरी केल्या आणि तव्यावरची भाकरी उलटताना लक्षात आलं की आम्ही त्यांना कधी दिसतच नव्हतो.

पण ते पुढचं. प्रदर्शनाच्या दिवशी मी देऊळ घेऊन घरी आले.

आई विट्याला यंत्रमागावर कांड्या भरायला जायची. दिवसभर सूत गुंडाळायचं. संध्याकाळी केसांत, भुवयांत कापूस घेऊन यायची. सूत संपलं की कागदी कोन टाकून देतात, ते ती चुलीला लावायला आणायची. वर निमुळता, खाली रुंद. मला त्यात शिखर दिसलं होतं. आईला जाळण दिसायचं. दोघींचंही बरोबर होतं.

आईनं विचारलं, "काय म्हणली शाळा?" मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि कालवणात मीठ घातलं.

मागाच्या सुट्टीच्या दिवशी तिनं माझी वेणी घातली, स्वतःही धुतलेलं लुगडं नेसली आणि मला चौकात घेऊन गेली. दीपमाळेपाशी उभी केली.

"हितनं बघ. नीट बघून घे."

"आत?"

"जाऊ नगंस असं आता कुणी म्हणत न्हाई," आई म्हणाली. "पर ये असंबी कुणी म्हणत न्हाई."

एसटीची वाट बघावी तशा आम्ही दोघी तिथं उभ्या राहिलो. मी पायऱ्या बघितल्या. नंदी बघितला. दाराची चौकट, त्यावरचा गणपती, आत अंधार आणि अंधारात एक दिवा. पायरीवर एक बाई बसली होती. आम्ही बऱ्याच लांब होतो, तरी तिनं पदर आवरून घेतला. आईनं माझा हात धरला आणि आम्ही परत आलो. वाटेत एवढंच म्हणाली, "दार करत जा. लोकास्नी दार लागतंय."

आई बरोबर बोलली. पुढं दारावरच माझं पोट चाललं.

मी रुखवतासाठी देवळं करते. टाकाऊ वस्तूंची. सुताचे कोन, जुन्या लग्नपत्रिका, खोकी, मिठाईच्या डब्यातला चंदेरी कागद. लग्नपत्रिका फार उपयोगी, गणपती आयताच छापून मिळतो. नवरा टेम्पो चालवतो, तो जिथं जाईल तिथून खोकी आणतो. मेढ्यापासून कुंडलपर्यंत माझी देवळं गेली आहेत. मशिदी केल्या, दर्गेही केले. कराडच्या एका अत्तारवाल्या चाचांनी बाटल्यांच्या टोपणांचे मिनार बघून माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. सगळ्यांना दर्शनी बाजू लागते. पायऱ्या, दार, कमान. मागं कोरा पुठ्ठा, कारण वस्तू भिंतीला टेकवून ठेवायची असते. मी कित्येक वर्षं मागली भिंत केलीच नाही.

फोटो बघून फोन येतात. "ताई, किती सुंदर. आडनाव काय तुमचं?" मी सांगते. मग पलीकडून येतं, "नाही म्हणजे, देव्हाऱ्यात ठेवायचं होतं. घरात विचारून कळवते." कळवत नाहीत. त्याच बाई कागदी फुलांचं तोरण मात्र घेऊन जातात. तोरणाला विटाळ नसतो बहुतेक. सुरुवातीला मी रात्रभर तळमळायचे. नंतर फोन ठेवायचा आणि पुढचा कोन कापायला घ्यायचा. सवय झाली. सवय ही फार वाईट गोष्ट आहे, ती दुखायचं थांबवते.

मग गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. आमच्या भागातले पुष्कळ लोक देशभर सोनं गाळायच्या धंद्यात आहेत, त्यांनी वर्गणी दिली. आबांचा मुलगाही खाली दक्षिणेत त्याच धंद्यात, त्यानं सगळ्यांत जास्त दिली. जुनं देऊळ उतरवलं, नवं ग्रॅनाइटचं उभं राहिलं. एके दिवशी आबांचा फोन आला.

"पोरी, आवाज वळाकलास का?"

ओळखला. न ओळखून कसं चालेल.

जुन्या देवळाची प्रतिकृती हवी होती, जुन्याच देवळाच्या टाकून दिलेल्या सामानातून. कलशारोहणाला ती सगळ्यांसमोर ठेवायची आणि मग सभामंडपात काचेच्या कपाटात. "तुजी कला लय नावाजत्यात. गावची लेक हायस." मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली. देवळाला कंपाउंडची भिंत होणार होती. आमच्या वस्तीतून चौकात यायची वाट गोमुखाच्या बाजूनंच जाते. भिंत झाली की ती बंद. मग ओढ्यातून जायचं, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. आईचे गुडघे आता कामातून गेलेत. "तुज्या आईच्या दारापाशी वाट सोडतो भितीत," आबा म्हणाले. "माजा शबुद हाय. तू ह्येवढं करून दे."

मी हो म्हणाले. वाटेसाठी म्हणाले.

सामान शोधायला लांब जावं लागलं नाही. उतरवलेल्या देवळाचा सगळा राडा ट्रॉलीनं आमच्याच वस्तीपुढं, ओढ्याच्या कडेला ओतला होता. ज्या देवळात आम्हाला कुणी ये म्हणालं नाही, ते देऊळ स्वतःच आमच्या दारात येऊन पडलं होतं. मी आईकडं राहायला आले आणि त्या ढिगात बसून सामान निवडलं. तुळईची ढलपी, गंजलेला पत्रा, चुन्याचे पापुद्रे, दाराची एक पितळी फुली. गोमुख तिथंच होतं, तोंड चिखलात घालून पडलेलं. एका कानाचा टवका उडाला होता. आईनं आणि मी ते पलटलं. आईनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. मी टवका उचलून घेतला.

देऊळ केलं. दार केलं, चौकट केली, पितळी फुली बसवली, पायऱ्या, नंदी, दीपमाळ. शिखराला मात्र कोनच घेतला, तो आईच्या मागावरचा. पुढली बाजू झाली, तिथं थांबायला हवं होतं. हात थांबले नाहीत. मी उत्तरेची भिंत केली. टवक्याचं गोमुख बसवलं, सुताची धार सोडली. मग बुडाला एक फळी वाढवली आणि धारेच्या पलीकडं आमची घरं केली. पत्र्याची, बुटकी. प्रत्येकाला दार केलं. असं का केलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आईनं बघितलं, आपलं दार ओळखलं आणि म्हणाली, "उंबरा ऱ्हायला." मी उंबराही केला.

कलशारोहणासाठी चौकात घातलेल्या मंडपात देऊळ नेऊन ठेवलं तेव्हा आबा काठी टेकून खुर्चीत बसले होते. म्हातारे झालेत. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता, स्वच्छ पांढरे कपडे, बोलायला गोड. दोघांनी पुढली बाजू बघितली. आबांचे डोळे भरून आले. खोटं नाही, खरंच भरले. "ह्याच पायरीवर माजी आय बसायची," म्हणाले. मला त्यांची दया आली, हेही सांगायला पाहिजे.

मग मुलगा वळून पलीकडं गेला.

"ताई, हे काय आहे?"

"गोमुख."

"ते कळलं. ही दारं कसली?"

"आमची."

तो हसला. वाईट हसला नाही. "फार छान केलंय. फक्त हा मागचा भाग काढा. कपाटात बसायचा नाही."

"भितीला लावून ठिवायचंय," आबा म्हणाले. "मागं कोण बघतंय?"

"आमी बघतो," मी म्हणाले.

मंडपात कुणीतरी खुर्च्या मांडत होतं, ते थांबलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "पोरी, वाटंचं काय ठरलंय ते ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. आई दारात बसून असेल, गुडघ्यावर हात ठेवून, हेही ध्यानात होतं. मी हात पुढं केला. आता खोटं कशाला सांगू, मी फळीवर हात ठेवला होता. ती ओढली असती तर निघाली असती. पुढचं दार, पायऱ्या, दीपमाळ सगळं राहिलं असतं, कपाटात बसलं असतं आणि आईला वाट मिळाली असती. हात फळीवर राहिला. ओढता येईना.

"असं काय करतीस? निघंल की," म्हणून आबा वाकले आणि त्यांनीच ओढलं. आईच्या घराचं दार तुटून त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते टेबलावर टाकलं आणि बोटं एकमेकांवर चोळली. दोन्ही हात शरीरापासून लांब धरले.

"पाणी आण रं कुणीतरी. डिंक लागला."

मला ती फरशी दिसली. माझे अनवाणी पाय दिसले. इतकी वर्षं जे बधिर होतं तिथं एकदम कळ आली. बरं वाटलं त्या कळेनं.

"डिंक वाळलाय, आबा," मी म्हणाले. "तवाबी वाळला हुता."

त्यांना आठवलं नाही. चेहऱ्यावर दिसलं, त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. मला आयुष्यभर पुरलं आणि त्यांना संध्याकाळपर्यंतही लक्षात राहिलं नसेल.

मी तुटलेलं दार ओच्यात टाकलं आणि देऊळ उचललं. मुलगा म्हणाला, "ताई, ऐका तरी." मी मंडपातून बाहेर पडले, नव्या देवळाच्या भिंतीच्या कडेनं चालत कोपऱ्यावरून वळले. मागं माणसं आली. नवं गोमुख ग्रॅनाइटचं आहे, गुळगुळीत. त्यातून पाणी वाहत होतं, सकाळच्या पूजेचं, बेलाचं पान घेऊन. सगळे जिथं थांबतात तिथं मी पोचले.

"ओलांडू नगंस," आबा मागनं म्हणाले. दम लागला होता त्यांना. "तीर्थ हाय ते. पाप लागतंय."

"माजं घर पल्याड हाय."

मी ओलांडलं. पाय भिजला, एवढंच झालं. मागं वळून बघितलं तर सगळे त्या पाण्यापाशी ओळीनं उभे होते आणि कुणी पुढं येत नव्हतं. मग एकेक करून फिरले. लहानपणी दाराआडून बघायचे तसं मी ते उघड्यावर उभी राहून बघितलं.

हे आज सकाळचं. दुपारी फक्की मारून गेलेत. भिंतीची पांढरी रेघ देवळाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरळ आहे. आईच्या दारापाशी कुठं तुटत नाही. आबांनी शब्द फिरवला. आईनं रेघ बघितली.

"वाट गेली," म्हणाली.

"व्हय."

"काढून दिली असतीस फळी, तर मी काय बोलले नसते."

"ठावं हाय."

ती माझ्या ओच्याकडं बघून म्हणाली, "डिंक हाय का?" मी दिला. तिनं तिचं दार तिच्या हातानं चिकटवलं, अंगठ्यानं दाबून धरलं आणि वाळेपर्यंत सोडलं नाही.

यापुढं मी देऊळ करीन ते गोमुखाच्या बाजूनं. कुणाच्या कपाटात बसो, न बसो. ज्याला दार बघायचं असेल त्यानं फिरून मागं जावं.

उद्या भिंतीचा पाया खणायला येणार आहेत. मी रेघेवर बसणार आहे. आई बसणार आहे, तिला बसवायला दोघं लागतात, शोभी येते म्हणालीय. वस्तीतल्या आणखी बाया येतील, न येतील, मी कुणाला बोलवायला गेले नाही. देऊळ माझ्या मांडीवर असेल, गोमुख त्यांच्याकडं करून. मी शिवी देणार नाही, रडणार नाही आणि उठणार नाही. ते येतील, थांबतील, समोर आम्ही दिसू. वळायचं असेल तर त्यांनी वळावं. त्यांना सवय आहे.